आपल्या गावाला विज्ञानाचा वार्ताहर का नाही?

(पत्रकार दिनानिमित्त यवतमाळ येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पत्रकार नाही. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि आता तेच काम यवतमाळात घरून करतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. संयोजकांनी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "भाई, पत्रकार दिन आहे, विज्ञान पत्रकारितेवर बोला." मी विचारलं, आपल्या जिल्ह्यात विज्ञान पत्रकार आहे कोण? ते म्हणाले, "नाही ना, म्हणून तर तुम्हाला बोलावलं." तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन का, हे इथल्या प्रत्येकानं शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं आहे. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. मार्क मिळाला की आपण पुढच्या प्रश्नाकडे जातो, आणि हा माणूस कोण होता ते राहूनच जातं. 'दर्पण' काढलं तेव्हा त्यांचं वय विशीच्या आसपास होतं, इथं मागच्या रांगेत बसलेल्या मुलांएवढं. ते पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत. कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. 'दर्पण' १८४० मध्ये बंद झालं. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं आणि त्यातून पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल असे विषय मराठीत आणले. याच माणसानं विधवांच्या पुनर्विवाहाची बाजू घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाच्या, मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या मुलाला परत घरात आणि जातीत घ्यावं म्हणून ते उभे राहिले आणि स्वतःच्या समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. चौतिसाव्या वर्षी ते गेले. म्हणजे आज माझं आहे त्यापेक्षाही लहान वयात.

हे का सांगतोय? मराठीतला पहिला पत्रकार वेधशाळेतली निरीक्षणंही पाहत होता आणि जातीच्या पंचायतीवरही बोलत होता. विज्ञानाची खोली वेगळी आणि समाजाची वेगळी, असं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. 'दर्पण' दोन भाषांत निघायचं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. आपलं मासिकही दोन भाषांत निघतं. तेव्हा ही परंपरा आपलीसुद्धा आहे, ती मागायला कोणाकडे जायची गरज नाही.

आता आजचं वर्तमानपत्र उघडा. विज्ञान कुठे आहे? आठवड्याच्या पुरवणीत. तिथं कृष्णविवर आहे, चांद्रयान आहे, माणसासारखं बोलणारं यंत्र आहे. मला हे सगळं आवडतं, मी आधी तेच पान वाचतो. जिल्ह्याच्या पानावर काय आहे? अपघात, चोरी, उद्घाटन, मोर्चा आणि कोणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात. या दोन पानांच्या मध्ये कोणी राहत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की गेल्या काही वर्षांतल्या आपल्या जिल्ह्याच्या सगळ्यांत मोठ्या बातम्या नेमक्या या मधल्या रिकाम्या जागेत घडल्या.

२०१७ चा हंगाम आठवा. तुमच्यातले काही जण तेव्हा शाळेत असतील. जुलैपासून पुढचे चार महिने कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात येत होते. उलट्या, चक्कर, श्वास लागणं, डोळ्यांपुढे अंधार. काहींना काही दिवस दिसेनासंच झालं. जिल्ह्यात ८०० च्या आसपास लोकांना विषबाधा झाली. २० पेक्षा जास्त माणसं गेली. त्यातले कितीतरी स्वतःची जमीन नसलेले, रोजीनं फवारणीला जाणारे होते.

आणि आपल्या चौकाचौकांत चर्चा काय होती? मास्क नाही घातला. हातमोजे नाही घातले. अडाणी आहेत हो लोक, बनियनवर फवारतात.

हे खोटं नव्हतं. मास्क नव्हताच. पण या उत्तरानं पुढचे सगळे प्रश्न बंद करून टाकले. फवारणी त्या वर्षी सुरू झाली नव्हती. मास्कशिवाय फवारणी बापजाद्यांपासून चालू होती. मग माणसं त्याच वर्षी एवढी का पडली? विज्ञानाचा वार्ताहर असता तर त्याचा पहिला प्रश्न हाच असता: याच वर्षी का?

उत्तराचा धागा बियाण्यापर्यंत जातो. बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली, दोन जनुकांची सुधारित जात २००६ मध्ये. या झाडात बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार होतं, म्हणून फवारणी कमी लागते. सुरुवातीला खरंच कमी लागली. पण लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असते जिला ते प्रथिन बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिची पिल्लं उरतात. सगळीकडे तेच बियाणं पेरलं की काही वर्षांत उरलेल्यांचीच फौज होते. हे होणार हे आधीपासून माहीत होतं. म्हणूनच ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग त्या चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ होत राहील, असा तो हिशोब.

आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी ते छोटं पाकीट पेरलं गेलं? हात वर करा. बघा. दोन. (हशा) यात तुमच्या अब्बांचा दोष नाही. अळी जगावी म्हणून बी पेरा, हे ऐकायलाच उलटं वाटतं. हे उलटं का बरोबर आहे ते शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, गोष्ट सांगावी तसं सांगणारा माणूस हवा होता. तो नव्हता, म्हणून पाकीट बांधावर पडलं. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाही हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ च्या आधीच नोंदवलं होतं. नागपूर इथून तीन-साडेतीन तासांवर आहे. पण तिथला शोधनिबंध आणि इथलं कृषी केंद्र यांच्यातलं अंतर एसटीनं मोजता येत नाही.

मग किडींना तोंड द्यायला फवारण्या वाढल्या, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जाऊ लागली. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. एरवी फवारा कमरेखाली जातो, तो आता तोंडासमोर आणि डोक्यावर उडत होता. हवेत दमटपणा, अंगाला घाम. बरीचशी कीटकनाशकं कातडीतून आत जातात आणि घामानं भिजलेल्या कापडातून जास्त जातात. पाठीवरचा पंप गळत असेल तर पाठ दिवसभर त्यातच. आणि तो रबरी पोशाख! ऑक्टोबरच्या उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक गुंडाळून आठ तास पंप चालवून दाखवावा, मग बोलावं.

दुसरा प्रश्न: कोणतं विष? डॉक्टरांना हा प्रश्न सगळ्यांत आधी पडतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं आपल्या शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला अडवतात. नस स्नायूला निरोप देते, तो निरोप वेळेवर पुसायचं काम हे विकर करतं. ते बंद पडलं की निरोप पुसलाच जात नाही. बाहुल्या बारीक होतात, लाळ सुटते, छातीचे स्नायू थकतात. यावर ॲट्रोपिन चालतं. पण डायफेन्थियुरॉनसारखं औषध वेगळ्या जातीचं. त्यावर नेमका उतारा नाही, लक्षणं सांभाळत बसावं लागतं. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं तर कोणता गट आहे याचा अंदाज येतो. ती तपासणी तेव्हा यवतमाळात होत नव्हती. मजूर बिचारा सांगणार काय? मालकानं डब्यात कालवून दिलं, मी मारलं.

हे सगळं लिहिलं गेलं, नाही असं नाही. स्थानिक वार्ताहरांनी आकडे लावून धरले. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर गावोगाव फिरले. पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडियामध्ये त्यांचे वृत्तांत आहेत, जरूर वाचा. त्यांनी पुढे 'रामराव' हे पुस्तक आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यावर लिहिलं. स्वित्झर्लंडमधल्या पब्लिक आय या संस्थेनं तिथल्या सिंजेंटा कंपनीच्या 'पोलो' या उत्पादनाचा प्रश्न उचलला. त्यात डायफेन्थियुरॉनच आहे, आणि युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये ते वापरायला परवानगी नाही. २०२० मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांच्या वतीनं प्रकरण बाझेलच्या न्याय यंत्रणेपर्यंत गेलं. कंपनीनं जबाबदारी नाकारली आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण बघा, आपल्या बांधावरचा प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये विचारला गेला आणि आपल्या चौकात आपण अजून मास्कवरच होतो.

एक शब्द मला राहून राहून खटकतो. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषध पिलं. विषाला औषध म्हणणाऱ्या भाषेत डब्यावरचा लाल त्रिकोण कोण बघणार? लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. गाडी शिकताना सिग्नल शिकवतात, हे त्रिकोण शाळेत कोणी शिकवत नाही. विज्ञान पत्रकारितेत भाषेचं काम असतं ते असं.

दुसरी गोष्ट थोडक्यात. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यात १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, अल्हमदुलिल्लाह. बातमी देशभर गाजली, कर्मचारी निलंबित झाले, विषय संपला. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी बैठक होते आणि चांगल्या टीममध्ये तिचा एक नियम असतो: कोणी केलं हे विचारायचं नाही, कसं होऊ शकलं हे विचारायचं. कारण माणूस बदलला आणि व्यवस्था तीच ठेवली तर पुढचा माणूस तीच चूक करणार. पोलिओच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो, लस उष्णतेनं खराब झाली की त्याचा रंग बदलतो. म्हणजे पाजण्याआधी कुपीकडे बघण्याची सवय त्या कामातच बांधलेली आहे. मग ती पायरी त्या दिवशी कुठे निसटली? करोनामुळे प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर आलं होतं, ते लशीच्या शेजारी ठेवू नये असं कोणी कुठे लिहून दिलं होतं का? मागचे दहा महिने त्या बाया किती तास राबत होत्या? निलंबनाच्या बातमीत हे प्रश्न मावत नाहीत. पण पुढच्या मोहिमेत आपलं मूल त्याच टेबलासमोर उभं राहणार असतं.

शेतकऱ्यानं मास्क घातला नाही. सेविकेनं बाटली बघितली नाही. तुमच्या लक्षात आलं असेल. कारण शोधायचं कष्टाचं काम कोणी केलं नाही की दोष सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसावर येऊन थांबतो. आता तिसरी गोष्ट सांगतो, ती आपल्या अंगावर आलेली आहे.

मार्च २०२० चा शेवट. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये जमलेल्या लोकांमध्ये करोनाचे रुग्ण सापडले. ते खरे होते. बंद जागेत खूप माणसं एकत्र राहिली की साथीचा रोग पसरतो, मग ती मरकज असो, लग्न असो की जत्रा. यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यानंतर रोजच्या सरकारी माहितीत "एकूण रुग्णांपैकी तबलिगीशी संबंधित इतके" असा वेगळा आकडा यायला लागला, आणि वाहिन्यांवर काय झालं ते तुम्ही घरात बसून पाहिलं आहे. देशात ठिकठिकाणी भाजीवाल्यांची नावं विचारली गेली.

त्या आकड्यात कच्चं काय होतं? मी एक काल्पनिक हिशोब मांडतो. दोन मोहल्ले घ्या, प्रत्येकी हजार माणसांचे. दोन्हीकडे शंभरात पाच लोक बाधित आहेत, अगदी सारखे. पहिल्या मोहल्ल्यात तुम्ही ४०० जणांची तपासणी केली. २० सापडले. दुसऱ्यात २० जणांचीच केली. एक सापडला. संध्याकाळी बातमी काय? "२१ रुग्णांपैकी २० पहिल्या मोहल्ल्यातले!" दोन्ही मोहल्ले सारखेच आजारी होते. फरक तपासणीत होता. तेव्हा देशात तपासणीचे किट कमी होते, आणि मरकजशी संबंध असलेल्या माणसाला हुडकून हुडकून तपासलं जात होतं. साथ रोखायला ते बरोबरच होतं. पण मग शेजारी दुसरा आकडा हवा होता: या गटातले किती तपासले, बाकीच्यांतले किती तपासले? वरचा आकडा सांगायचा आणि खालचा गाळायचा, याला सातवीतल्या गणिताच्या सरांनी सुद्धा शून्य दिलं असतं.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, अशा आशयाचं निरीक्षण नोंदवलं. चांगलं झालं. पण एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने परत येत नाहीत. तो भागाकार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करून मराठीत छापायला न्यायालय लागत नव्हतं. एक कॅल्क्युलेटर आणि एक धीट माणूस पुरला असता.

तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी काय केलं? आपण भावनिक उत्तरं दिली. आम्ही देशभक्त आहोत, आम्ही प्लाझ्मा दिला, आमच्या तरुणांनी मयती उचलल्या. हे खरंही होतं आणि सुंदरही होतं, पण ते त्या आकड्याचं उत्तर नव्हतं. आकड्याला आकड्यानंच धरावं लागतं.

लोकसंख्येचंही तसंच. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं "तुमच्यात तर मुलं जास्त" की आपण एक तर चिडतो, नाही तर उठून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडा. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू स्त्रीमागे तेव्हा ३.३, आता १.९. दोन्ही रेषा खाली येताहेत, आपली जास्त वेगानं. भांडायची गरजच नाही, कागद पुढे करा. पण त्याच सर्वेक्षणाचं पुढचं पानही उलटा बरं का. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आपल्या घरातल्या आपा, भाभी, अम्मी यांचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? सोयीचं पान तेवढं फाडून खिशात ठेवणारा वार्ताहर नसतो, वकील असतो.

म्हणून हे बाहेर दाखवायचं बोट आता आत वळवतो. आपल्या कौमच्या ग्रुपवर काय फिरतं? कलौंजीनं कॅन्सर बरा होतो. लशीत काहीतरी मिसळलेलं आहे. अमुक शोध आमच्याकडे आधीच लिहिलेला होता, शास्त्रज्ञाला आता कळलं. शेवटच्या प्रकाराबद्दल मला खास बोलायचं आहे, कारण तो इंजिनिअर मंडळींमध्ये फार लोकप्रिय आहे. ज्यांचा अभिमान आपण सांगतो ते अल्-बिरुनी काय करत होते? हजार वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले, इथल्या पंडितांशी बसले आणि साधारण १०३० मध्ये 'किताब-उल-हिंद' लिहिलं. त्यात इथलं खगोल आहे, कालगणना आहे, सण आहेत, जाती आहेत, वजनमापं आहेत. पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची आणि तिथून दिसणारं क्षितिज मोजून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. त्या माणसानं मोजलं, ऐकलं, परक्याचं म्हणणं परक्याच्या शब्दांत नीट मांडलं आणि जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणून लिहिलं. त्यांचं नाव घेऊन न मोजता फॉरवर्ड करणं मला तरी जमत नाही.

आणि चंद्र! दर वर्षी २९ व्या रोज्याच्या संध्याकाळी आपण सगळे खगोलशास्त्रज्ञ होतो. इथं दिसला, तिथं दिसला, अमुक गावाहून फोन आला. चांद कसा ठरवायचा हा उलमांचा विषय, मी त्यात पडत नाही. पण वार्ताहराला एक गोष्ट सांगता येते आणि त्यानं ती सांगावी. सूर्य आणि चंद्र आकाशात एकमेकांपासून साधारण ७ अंशांपेक्षा जवळ असतील तर चंद्रकोर तयारच होत नाही. मग नजर कितीही तेज असो. तो कोन आज मोबाईलवर काढता येतो. म्हणजे "आज दिसेलच" हे गणितानं छातीठोक सांगणं अवघड आहे, ढग असतात, धूळ असते. पण "आज दिसणं शक्यच नाही" हे सांगता येतं, आणि तेवढ्यानं अर्धे फोन थांबतील. चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान असल्यामुळे २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. यावर शाळेतल्या पोरांसाठी कोणी झक्कास लेख लिहा. मराठीत, आणि बाजूला उर्दूतही.

शहर आणि गाव एकाच बातमीकडे किती वेगळं बघतात याचं एक उदाहरण देतो आणि शेवटाकडे येतो. २०१८ ची टी-१ वाघीण, जिला शहरानं अवनी म्हटलं. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात १३ माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. मुंबईत लोकांनी मेणबत्त्या लावल्या, इथल्या गावांत फटाके फुटले. वाहिन्यांनी मेणबत्ती आणि फटाका समोरासमोर उभे केले. मधला प्रश्न राहून गेला. टिपेश्वर अभयारण्य १५० चौरस किलोमीटरही नाही. तिथले वाघ वाढले तर वयात येणारा वाघ जाणार कुठे? टिपेश्वरला जन्मलेला एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. नोंदलेली चाल ३,००० किलोमीटरच्या वर. तो ज्या शेतांतून गेला त्यात उद्या पहाटे कोणीतरी पाणी द्यायला जाणार आहे. रात्रीची वीज शेतीला का मिळते आणि दिवसा का मिळत नाही, हा प्रश्न वाघाच्या बातमीतला आहे. ही माझी मतं आहेत, तुम्ही वाद घालू शकता. चहाच्या वेळी घाला.

तर मग करायचं काय? मला विचाराल तर पहिली बातमी आपल्या नळाखाली पडून आहे. यवतमाळ हा महाराष्ट्रातल्या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. केळापूर, झरी जामणी या बाजूला बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. खडकातूनच ते पाण्यात उतरतं, आणि बोअर खोल गेला की बऱ्याच ठिकाणी ते वाढतं. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत दात बघून नकार येतो आणि घरचे म्हणतात, मंजन नीट करत नव्हती. बघा, पुन्हा दोष कोणाचा निघाला!

फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटतं, त्यामुळे ते जास्त दाट होतं. चव नाही, रंग नाही, वास नाही. मोजल्याशिवाय कळतच नाही. भूजल विभागाची पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते, नमुना देता येतो. माझी कल्पना अशी: इथं साधारण चाळीस जण आहात, वेगवेगळ्या गावांचे. प्रत्येकानं आपल्या मोहल्ल्यातल्या एका बोअरचा आणि मशिदीतल्या वजूच्या टाकीचा असे दोन नमुने घ्यायचे. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, भरायची, वर गाव, जागा, तारीख आणि बोअरची खोली लिहायची. ज्या गल्लीत दात खराब आहेत तिथलाच नमुना आणायचा असं करू नका. जिथं सगळं ठीक वाटतं तिथलाही आणा. नाहीतर आपणही त्या दोन मोहल्ल्यांचा हिशोब करून बसू. नमुना फक्त आपल्याच मोहल्ल्याचा नको, बौद्ध वस्ती, कोलाम पोड, तांडा, सगळीकडचा हवा. पाणी खालून एकच आहे.

आकडे आले की मी तक्ता आणि नकाशा करून देईन, ते माझं रोजचंच काम आहे. लिहायचं मात्र तुम्ही. आकडे ठीक आले तर "पाणी ठीक आहे" हीसुद्धा बातमी आहे, ती तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायची. जास्त आले तर आधी ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कागद द्यायचा, त्यांचं उत्तर घ्यायचं, उत्तर आलं नाही तर किती दिवस वाट पाहिली ते लिहायचं. मगच छापायचं. बाटल्या मी पाठीमागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना दोन-दोन घेऊन जा, आणि वहीत नाव, गाव लिहून जा. आता चहा.